सूनबाईंची मुलाखत, नि माझीही

"आई, घसारा दहा रुपयांनी वाढला, तर हातातली रोकड वाढेल की कमी होईल?"

२०२३ च्या जूनमधली ही गोष्ट. पाऊस त्या वर्षी भारीच रुसला होता, आणि आम्हा मुलुंडकरांच्या अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या. मी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून लोणच्याच्या कैऱ्या फोडत होते, नि पलीकडच्या टोकाला आमची सून लॅपटॉप उघडून बसली होती. अडतीस वर्षं बँकेत काढलेली मी, मोठ्या ऐटीत म्हटलं, "कमी होईल. खर्च वाढला की पैसा कमी होणारच."

"चुकलात!" सून म्हणाली, आणि खुदकन हसली. तिचं ते हसणं मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं, म्हणून चुकल्याचं काही वाटलं नाही.

मग तिने समजावून सांगितलं. घसारा हा वहीतला खर्च. धुलाईयंत्र एक वर्षाने जुनं झालं म्हणून आपण कोणाला पैसे मोजत नाही. पण वहीत खर्च दहा रुपयांनी वाढला की नफा दहाने कमी दिसतो, नि नफा कमी म्हणून कर कमी. कर पंचवीस टक्के धरला तर अडीच रुपये वाचले. म्हणजे करानंतरचा नफा साडेसात रुपयांनी घटला, पण पेटीत मात्र अडीच रुपये जास्त राहिले. ताळेबंदात एकीकडे यंत्राची किंमत दहाने उतरली, रोकड अडीचने चढली, आणि दुसरीकडे मालकाचं भांडवल साडेसातने उतरलं. दोन्ही बाजू जुळल्या. हा प्रश्न म्हणे फायनान्स अ‍ॅनालिस्टच्या मुलाखतीत हमखास विचारतात. उत्तर बरोबर येण्यापेक्षा नफातोटा पत्रक, ताळेबंद आणि रोख प्रवाह ही तीन पत्रकं एकमेकांना कशी बांधलेली असतात ते उमेदवाराला कळतं की नाही, एवढंच त्यांना बघायचं असतं.

आता थोडं मागचं सांगते. सून माझी एम.कॉम., वर सी.ए. इंटर. लग्नाआधी नि नंतरही मिळून चार वर्षं कंपन्यांचे ताळेबंद तपासायच्या कामात होती. २०१७ साली नात झाली. बाळ जरा नाजूक निघालं, दोनदा इस्पितळात ठेवावं लागलं, आणि सहा महिन्यांची सोडलेली नोकरी सहा वर्षांची झाली. मी तेव्हा नोकरीतच होते, २०१९ ला निवृत्त झाले, आणि निवृत्त झाल्यावर, खरं सांगायचं तर, मलाही घर सोयीचं झालं होतं. आयतं गरम जेवण, नातीची शाळा सूनच बघणार, मी सकाळी फिरायला जाणार, दुपारी कालिदासला नाटक असलं तर तिकडे. तिला परत नोकरी करायची आहे हे मला कळत होतं. मी विषय काढत नव्हते, एवढंच.

एप्रिलमध्ये तिने एका बँकेत मुलाखत दिली. बँकेचं नाव काही सांगत नाही. संध्याकाळी आली ती थेट खोलीत गेली. रात्री मुलाला सांगितलेलं मी कान देऊन ऐकलं (सासवांना ही कला अवगत असते). हिशेबाचे प्रश्न ठीक गेले होते. शेवटी एका गृहस्थांनी विचारलं, "तिमाही अखेरीला रात्री दहा-दहा वाजतात. घरी लहान मूल आहे ना तुमच्या? मग कसं जमणार?" आमची सून फणकाऱ्याने म्हणाली, "हा प्रश्न तुम्ही पुरुष उमेदवारांना विचारता का?" पुढे पाच मिनिटांत चहाही न घेता सगळे उठले, आणि कळवतो म्हणालेल्यांनी कळवलं नाही.

ती म्हणाली ते खोटं नव्हतं. पण मला त्या रात्री झोप आली नाही, त्याचं कारण वेगळं होतं.

१९८१ साली मी बँकेच्या मुलाखतीला गेले, ती फोर्टला. तेव्हा राष्ट्रीयीकृत बँकांची भरती बँकिंग सर्व्हिस रिक्रूटमेंट बोर्डामार्फत व्हायची. आधी लेखी परीक्षा, मग मुलाखत. (आता कारकुनाच्या भरतीत मुलाखत ठेवलेलीच नाही, नुसती परीक्षा.) आईची नारायणपेठ नेसून, डोंबिवलीहून लोकलने उभी गेले होते. टेबलापलीकडे चौघे. बँकांचं राष्ट्रीयीकरण कधी झालं? १९ जुलै १९६९, चौदा बँका. आणखी? १९८० च्या एप्रिलमध्ये आणखी सहा. हे मी पोपटासारखं म्हटलं. मग त्यातले एक वयस्कर म्हणाले, "लग्न झालं की नोकरी सोडाल ना? मग एका मुलाची जागा कशाला अडवता?" मी बावीस वर्षांची. खाली मान घालून म्हटलं, "नाही सोडणार." एवढेच दोन शब्द. नोकरी लागली. ती मी सोडली नाही, हेही खरं. पण १९९२ साली अधिकारीपदाची बढती आली तेव्हा मी ती नाकारली. बढती म्हणजे बदली, नि बदली म्हणजे कुठेही. मुलगा पाच वर्षांचा होता. सासूबाई "नको जाऊस" असं कधीच म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तुझं तू बघ, मी काय सांगू?" आणि भाजी निवडायला लागल्या. तुमच्यापैकी ज्या कोणी बँकेत, एल.आय.सी.त नोकऱ्या केल्या असतील त्यांना ती भाजी निवडण्याची पद्धत ठाऊक असेल.

माझ्याबरोबरीच्या दोघीजणी बढती घेऊन गेल्या. एक पुढे मुख्य व्यवस्थापक झाली. मी काउंटरवरच राहिले. वाईट वाटलं का? वाटलं. सांगितलं नाही कोणाला.

तर त्या एप्रिलच्या रात्री माझ्या लक्षात आलं की गेली चार वर्षं मीही भाजीच निवडते आहे.

जूनच्या अखेरीला दुसऱ्या एका खासगी बँकेचं बोलावणं आलं, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कचेरीतून. मी म्हटलं, "ये, माझ्यासमोर बस. मी विचारते, तू उत्तरं दे." रोज दुपारी तीन ते साडेचार, नात शाळेतून येईपर्यंत. ह्यांना बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसवलं नि दार लावून घेतलं.

या नोकरीत नेमकं काय करायचं, हे मलाही नीट माहीत नव्हतं. आमच्या वेळी कर्जाचं प्रपोजल लिहिणारे साहेब असत, तेच हे काम; आता त्याला वेगळं माणूस नि वेगळं नाव. एखादा कारखानदार वीस कोटी मागायला आला, की त्याचे तीन ते पाच वर्षांचे ताळेबंद उलगडायचे, धंदा चालतो कसा ते शोधायचं, पैसे परत येतील का याचा अंदाज बांधायचा, आणि दोन-चार पानांत साहेबांना सांगायचं, द्या किंवा नका देऊ. नाही म्हणायचं तर का, तेही.

खेळत्या भांडवलाचे जुने नियम मात्र मला पाठ होते. टंडन समितीने १९७५ साली सांगून ठेवलंय: चालू मालमत्ता शंभर रुपयांची असेल तर निदान पंचवीस मालकाने आपल्या दीर्घ मुदतीच्या पैशांतून घालावेत, उरलेले पंचाहत्तर उधारी नि बँक मिळून. शंभर भागिले पंचाहत्तर, १.३३. हा आकडा इतकी वर्षं बँकवाल्यांच्या तोंडी आहे तो असा आला. लहान उद्योगांसाठी पुढे नायक समितीचा सोपा हिशेब आला. वर्षाची उलाढाल एक कोटी अपेक्षित असेल तर खेळतं भांडवल पंचवीस लाख लागेल असं धरायचं, पाच लाख मालकाचे, वीस लाख बँकेचे. सुनेला आकडे येत होते, ते आले कुठून हे येत नव्हतं. "हे सांगितलंस तर समोरचा खूश होईल," मी म्हटलं. कर्ज थकीत कधी धरायचं? हप्ता वा व्याज नव्वद दिवसांहून जास्त राहिलं की. २००४ च्या मार्चपर्यंत ही मुदत १८० दिवसांची होती. हे बदललं तेव्हा आमच्या शाखेत काय धावपळ उडाली होती! असो.

सगळ्यात रंगलो ते एका कंपनीच्या कागदांवर. लेखी चाचणीत अशीच एखादी कंपनी देतात. विक्री दरवर्षी वीस टक्क्यांनी वाढतेय, नफाही वाढतोय, आणि तरी धंद्यातून हातात येणारी रोकड उणे. का? सून आकडे शोधत होती. मला मात्र आमच्या मागच्या इमारतीतली एक ओळखीची बाई आठवली. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घ्यायची. पहिल्या वर्षी शेजारीपाजारी, रोखीने. मग कचेऱ्यांच्या ऑर्डरी आल्या, चकल्या-अनारसे मणांनी जायला लागले, नि बाई कर्जात! कारण कचेऱ्या पैसे देत संक्रांतीला, आणि तेलवाल्याला हवे असत धनत्रयोदशीला. "तुझ्या कंपनीचे पैसे कुठे अडकलेत बघ," मी म्हटलं. तिने येण्याच्या उधारीचे दिवस काढले. साठावरून एकशे दहावर गेले होते. "आई, म्हणजे ही फराळवाली!" त्या दिवसापासून घरात रोखीने बुडणाऱ्या कंपनीला फराळवाली हेच नाव पडलं.

चौथ्या दुपारी मी तो प्रश्न विचारला. मुद्दाम. आवाज जरा जाड करून. "सहा वर्षं घरी होतात. मूल लहान आहे. रात्री उशीर झाला तर कसं करणार?"

ती गप्प. मग म्हणाली, "तुम्हीच सांगा, कसं करणार?"

मैत्रिणींनो, मुलाखत घेणारीची मुलाखत अशी उलटते. मी कैरीसारखी फुटले म्हणा ना. सासूबाईंची भाजी, १९९२, सगळं सांगून टाकलं. आणि म्हटलं, "महिन्यातले उशिराचे दिवस मी बघीन. रोजचं सगळं मात्र नाही बघणार. मला माझी सकाळ हवी, नि गुरुवारची भजनं हवीत. बाकीचं तुझ्या नवऱ्याने बघावं." ती म्हणाली, "एवढंच स्पष्ट सांगायला चार वर्षं लागली?" मला राग आला, पण बरोबरच होतं तिचं. रात्री मुलाला समोर बसवून वाटणी केली. सकाळचा डबा नि शाळेची बस त्याच्याकडे. तो 'हो हो' म्हणाला, पुरुष म्हणतात तसं. मी म्हटलं, तसं नाही, कागदावर लिही.

एकदा घरात उत्तर ठरलं, की बाहेर द्यायला फणकारा लागत नाही. तिने वाक्य तयार केलं: "घरची व्यवस्था लावून मग मी अर्ज केला आहे. तिमाही अखेरीचं काम मी आधीही केलेलं आहे." इतकंच. पुढे खुलासा नाही. आणि तिनेही त्यांना विचारायचं ठरलं की पाळणाघर आहे का. २०१७ पासून पन्नास वा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत ते असायला हवं असा कायदाच आहे. नात मोठी असली तरी विचारलेलं बरं, उत्तरावरून कचेरी कळते. मी तिला हेही सांगितलं की स्टेट बँकेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष अरुंधती भट्टाचार्य २०१३ साली झाल्या, आणि त्यांच्या बँकेत बायकांना मुलांसाठी किंवा घरच्या आजाऱ्यांसाठी दोन वर्षांपर्यंत रजा घेऊन परत कामावर येण्याची सोय आहे. म्हणजे मध्ये थांबणं हा काही गुन्हा नव्हे, हे बँकांनाही ठाऊक आहे. उषा थोरात २००५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या डेप्युटी गव्हर्नर झाल्या तेव्हा आमच्या शाखेतल्या आम्ही बायकांनी पेढे वाटले होते, तेही सांगितलं. ते तिने दहादा ऐकलेलं आहे.

कागदपत्रांचं एक सांगून ठेवते, कारण ऐनवेळी तारांबळ होते. आधीच्या नोकरीचं अनुभवपत्र नि सोडल्याचं पत्र, शेवटच्या पगाराच्या पावत्या, मूळ गुणपत्रिका, लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचा पुरावा. सुनेच्या गुणपत्रिकांवर माहेरचं नाव, पॅनकार्डावर सासरचं, म्हणून विवाह नोंदणीचा दाखला लागला. आणि बँका हल्ली उमेदवाराचा सिबिल अहवालही बघतात. दुसऱ्यांना कर्ज द्यायचं की नाही हे ठरवणाऱ्याचं स्वतःचं कर्ज थकलेलं नको. तिच्या नावावर एक जुनं क्रेडिट कार्ड पडून होतं, त्याचे काही शे रुपये बाकी निघाले. भरून टाकले आणि कार्ड बंद केलं.

मुलाखत एकच नसते, हेही नवीन. आधी फोनवर वीस मिनिटं: नोकरी का सोडली, पगार किती हवा, कधी रुजू व्हाल. मग कचेरीत संगणकावर तासाभराची चाचणी. ती पार पडली तर कर्ज विभागातले दोघे. आणि शेवटी मोठे साहेब.

ती सुती साडी नेसून गेली. मी ड्रेस सुचवला होता, म्हटलं कुर्ल्याला उतरायचं, रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं, पावसाचा भरवसा नाही. पण तिला साडीत धीर वाटतो म्हणाली. पाऊस त्याच आठवड्यात सुरू झाला होता. मुलुंडहून धिम्या गाडीने सातवं स्टेशन कुर्ला, पण ती दीड तास आधी निघाली. मी मागे राहून काय केलं? दोनदा ओटा पुसला.

चाचणीत फराळवालीच आली! कंपनी वेगळी, पण दुखणं तेच. दोघा अधिकाऱ्यांनी मुदत कर्जावर धरलं. नफा, घसारा आणि व्याज मिळून किती, नि वर्षाचा हप्ता अधिक व्याज किती. पहिलं दुसऱ्याच्या दीडपट तरी हवं. एका ठिकाणी ती अडखळली. परकीय चलनातल्या कर्जाचं काही विचारलं, ते येईना. "हे मला ठाऊक नाही, पाहून सांगू शकेन," म्हणाली. त्यांनी मान डोलावली नि पुढे गेले. आमच्या वेळी आम्हाला वाटे, गप्प बसलो तर नापास.

शेवटी मोठ्या साहेबांकडे. त्या बाई निघाल्या. त्यांनी विचारलं, "सहा वर्षं हिशेबाचा हात सुटला असेल?" तेव्हा सून म्हणाली, "नाही. मी आमच्या सोसायटीची खजिनदार आहे, आणि आमची इमारत पुनर्विकासाला गेली आहे."

मुलुंडला राहणाऱ्यांना सांगायला नकोच. इथे प्रत्येक गल्लीत एक इमारत पडलेली नि दुसरी उठणारी. आमच्याकडे दोन बिल्डरांचे प्रस्ताव आले होते. पहिला म्हणत होता, छत्तीस महिने दरमहा पंचवीस हजार भाडं आणि ताबा देताना दहा लाख कॉर्पस. दुसरा, दरमहा एकतीस हजार, पण कॉर्पस सहाच लाख, तो मात्र घर रिकामं करतानाच. सभेत सगळे पहिल्याच्या बाजूने. एकोणीस लाख विरुद्ध सतरा लाख सोळा हजार, त्यात विचार कसला? सुनेने उभं राहून सांगितलं की तीन वर्षांनी मिळणारे दहा लाख म्हणजे, दहा टक्के दराने, आजचे साडेसात लाखच. म्हणजे कॉर्पसमध्ये पहिला दीड लाखानेच पुढे, आणि भाड्यातला सहा हजारांचा फरक आजच्या किमतीत काढला तर एक लाख शहाऐंशी हजार. दुसरा थोडा का होईना सरस. शिवाय पहिल्याने इमारत अर्धवट टाकली तर ते दहा लाख कोणाकडे मागायचे? सभेत चिडीचूप. एक आजोबा म्हणाले, "हे फळ्यावर लिहून दाखव." तिने दाखवलं.

हे सगळं तिने त्या बाईंना सांगितलं. बाईंनी म्हणे पेन खाली ठेवलं नि विचारलं, "दर दहाच टक्के का धरलात? बाराने काय होईल?" बाराने दुसरा आणखी पुढे जातो, कारण लांबचे दहा लाख आणखी लहान होतात. यावर वीस मिनिटं गेली. मुलाचा प्रश्न त्यांनीही विचारला, पण शेवटी, दारापर्यंत सोडताना, बाई बाईला विचारते तसा. ठरवलेलं वाक्य सुनेने सांगितलं. त्या म्हणाल्या, "छान. लिहून घेतलंत ना नवऱ्याकडून?"

पंधरा दिवसांनी पत्र आलं. पगार तिच्या बरोबरीच्यांना मिळतो त्यापेक्षा कमी होता, आणि पदही एक पायरी खालचं. सहा वर्षांची ही किंमत. मी म्हटलं, वाढवून माग. तिने मागितला, त्यांनी थोडा वाढवला. मनासारखा नाही. ती रुजू झाली. मला अजूनही वाटतं तिने आणखी ताणून धरायला हवं होतं. ती म्हणते, आधी दारातून आत तर जाऊ दे.

सप्टेंबर अखेरीची पहिली तिमाही अखेर आली तेव्हा गणपती नुकतेच गेले होते. लागोपाठ तीन रात्री ती साडेदहाला आली. पहिल्या रात्री नात रडून झोपली, दुसऱ्या रात्री गोष्ट ऐकून झोपली, तिसऱ्या रात्री मला म्हणाली, "आजी, तू झोप, मी आईची वाट बघते." माझी गुरुवारची भजनं बुडाली, ती मी वहीत मांडून ठेवली आहेत.

सकाळचा डबा मुलगा करतो. पोळ्या नकाशासारख्या होतात, पण होतात. ह्यांनीही कुकर लावायचं मनावर घेतलंय. डाळीला तीन शिट्ट्या की चार, यावर बापलेकांची सध्या रोज चर्चा चालते, आणि मी फिरायला जाते.